चाळिशीनंतर डेटा सायन्सकडे वळताना : कोल्हापुरात राहून करावयाची तयारी

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात एकोणीस वर्षे काढल्यानंतर मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी डेटा विश्लेषणाच्या कामाकडे वळलो. तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण "कोर्स कुठला करू?" हेच विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नव्हे. तुम्ही आज ज्या धंद्यात आहात तिथे कोणते आकडे जमा होतात, ते कोण लिहितो आणि ते पाहून नेमका कोणता निर्णय घेतला जातो, हे आधी विचारले पाहिजे. चाळिशीतल्या माणसाजवळ नव्या पदवीधराइतका मोकळा वेळ नसतो आणि रात्र-रात्र जागण्याची ताकदही उरलेली नसते. मात्र आकडा कागदावर कसा चढतो आणि चढताना कसा बिघडतो हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. पुढील सगळे विवेचन त्याच भांडवलाच्या आधारे केले आहे.

काम कोणते ते आधी ठरवा

डेटा सायन्स या एका नावाखाली प्रत्यक्षात चार निरनिराळी कामे चालतात आणि जाहिरात वाचताना ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. डेटा इंजिनिअर ठिकठिकाणची माहिती एकत्र आणून वापरण्याजोगी साठवतो. डेटा ॲनालिस्ट त्या माहितीवरून काय घडले आणि का घडले हे शोधून व्यवस्थापनासमोर मांडतो. डेटा सायंटिस्ट पुढे काय घडण्याची शक्यता आहे याचे संख्याशास्त्रीय मॉडेल बांधतो. आणि ते मॉडेल रोजच्या वापरात चालते ठेवण्याची जबाबदारी मशीन लर्निंग इंजिनिअरवर असते. लहान कंपनीत ही चारही कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडतात, हा भाग वेगळा. माझे स्पष्ट मत असे आहे की, उशिरा येणाऱ्याने ॲनालिस्टच्या दाराने आत शिरावे आणि दोन-तीन वर्षांत आतल्या आत पुढे सरकावे. थेट डेटा सायंटिस्टच्या पदासाठी अर्ज करणाऱ्याची गाठ संख्याशास्त्रातील पदव्युत्तर पदवीधरांशी पडते आणि तिथे त्याच्या अनुभवाला फारसे वजन राहत नाही.

डेटासाठी मराठीत 'विदा' असा एक सुटसुटीत शब्द आहे. मला तो आवडतो. पण मुलाखतीत "मी विदा घेऊन आलो आहे" असे म्हटल्यास समोरच्याला आपण निरोप घेत आहोत असे वाटण्याचा धोका असल्याने मी येथे डेटाच म्हणणार आहे.

घरखर्च आणि वेळ यांचा हिशेब

राजीनामा ही या प्रवासातील शेवटची पायरी आहे. नोकरी सांभाळून रोज दोन तास अभ्यास होत असेल तर दीड वर्षाचा काळ धरावा. मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, गणपती आणि घरातील आजारपणे वजा जाता तेवढा लागतोच. मी पहाटे पाच ते सात हा वेळ ठेवला होता, कारण पाळी संपवून घरी आल्यावर डोके चालत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळून चुकले. घराचा हप्ता आणि शाळेची फी धरून किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडण्याचा विचारही करू नये. नव्या कामात सुरुवातीचा पगार आजच्यापेक्षा कमी असण्याची शक्यता गृहीत धरून घरात आधीच बोलून घ्यावे. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. आई-वडील त्यात असतील तर स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या पुष्कळ आधी घेतलेली बरी, कारण आधीपासून असलेल्या आजारांना नव्या पॉलिसीत प्रतीक्षाकाळ लागू होतो. भविष्य निर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्याकडे वर्ग करावा.

महागड्या क्लासबद्दल स्वानुभव सांगतो. मी एका क्लासला हप्त्यांवर पैसे भरले होते. जाहिरातीत नोकरीची हमी होती. करारपत्राच्या आतल्या पानावर त्या हमीचा अर्थ "मुलाखतीची संधी" असा निघाला आणि तोपर्यंत कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. अशा ठिकाणी सही करण्यापूर्वी शुल्कपरतीचे कलम स्वतः वाचावे आणि ते नसेल तर उठून यावे.

शिकण्याची साधने त्यामानाने स्वस्त आहेत. एनपीटीईएल आणि स्वयम या शासकीय पाठबळावरील मंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनाशुल्क पाहता येतात; प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. पदवीच हवी असणाऱ्यांसाठी आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम आहे. त्याला वयाची अट नाही, प्रवेशासाठी आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि मधल्या टप्प्यावर पदविका घेऊन थांबण्याचीही सोय आहे. मी तो केला नाही, कारण मला पदवीपेक्षा काम दाखवायचे होते. परंतु ज्यांच्याकडे मूळची पदवी नाही त्यांनी त्याचा गांभीर्याने विचार करावा.

शिकण्याचा क्रम

बहुतेक जण थेट पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेपासून सुरुवात करतात आणि दुसऱ्या महिन्यात सोडून देतात. मी सुचवतो तो क्रम एक्सेल, एसक्यूएल, संख्याशास्त्र, पायथन आणि शेवटी मशीन लर्निंग असा आहे. एक्सेल येते असे सर्वांनाच वाटते. परंतु पिव्होट टेबल, लुकअप आणि तारखांचे हिशेब न अडखळता करता येत नसतील तर ते येत नाही असेच समजावे आणि एक महिना त्याला द्यावा.

एसक्यूएल ही कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा आहे आणि ॲनालिस्टच्या मुलाखतीत तिच्यावर हमखास प्रश्न येतात. तिच्यातील खरा कस दोन कोष्टके जोडण्यात लागतो. समजा, एका गावातील दूध संस्थेच्या सभासदांची एक यादी आहे आणि आजच्या संकलनाची दुसरी. ज्यांनी आज दूध घातले नाही ते सभासद तुम्हाला शोधायचे आहेत. येथे इनर जॉइन वापरला तर दोन्ही याद्यांत असलेलेच सभासद निकालात उरतात, आणि नेमके ज्यांना शोधायचे तेच गायब होतात. लेफ्ट जॉइन वापरला तर सगळे सभासद राहतात आणि दूध न घातलेल्यांपुढचा रकाना रिकामा दिसतो. हा फरक एकदा स्वतःच्या हाताने चूक करून शिकला की पुन्हा विसरत नाही.

संख्याशास्त्राची धास्ती घेण्याचे कारण नाही, विशेषतः कारखान्यातून येणाऱ्यांनी. तुम्ही रोज पाहता तो कंट्रोल चार्ट वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत मांडला. नेहमीची चढउतार कोणती आणि दखल घेण्याजोगा बदल कोणता, हा त्यातला प्रश्न संख्याशास्त्राच्या मुळाशी आहे. सरासरी आणि मध्यक यांतील फरक, प्रमाण विचलन, नमुना निवडताना होणारा पक्षपात, संभाव्यतेचे नियम आणि रेषीय समाश्रयण (लिनिअर रिग्रेशन) एवढे पक्के झाले तर पहिल्या नोकरीपुरते पुरते. बारावीचे गणित गंजले असेल तर मुलांची पुस्तके घरातच असतात.

पायथन १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांनी लोकांपुढे आणली. वाचायला सोपी भाषा असल्याने मोठ्या वयात ती जड जात नाही. कोष्टकांसाठी पांडाज, आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब आणि मॉडेलसाठी सायकिट-लर्न या तीन लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, सुरुवातीला पुरेशा आहेत. त्या चालवायला महागडा लॅपटॉपही लागत नाही, कारण गूगलच्या कोलॅबवर ब्राउझरमध्येच सगळे विनामूल्य चालते. प्रोग्रॅमिंग अजिबात न केलेल्याने पहिले तीन महिने रोज थोडे का होईना लिहिलेच पाहिजे. व्हिडिओ पाहून समजल्यासारखे वाटते आणि कोरा पडदा समोर आला की हात चालत नाही.

पहिला प्रकल्प स्वतःच्या वहीतून

मार्गदर्शनाचा गाभा येथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी पहिल्या प्रकल्पासाठी आमच्या कारखान्यातील नाकारलेल्या कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या नगांच्या, दोन वर्षांच्या वह्या घेतल्या. व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेतली होती आणि ग्राहकांची नावे वगळण्याचे मान्य केले होते. परवानगीशिवाय कंपनीची एक ओळही घरी नेऊ नये; माणसांची माहिती असलेल्या नोंदी तर हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अशाच नोंदींसाठी आहे.

नोंदी एक्सेलमध्ये चढवायला दोन महिन्यांची संध्याकाळ गेली. मग दिसले की एकच दोष पाच नावांनी लिहिलेला आहे : कुणी "ब्लो होल", कुणी जोडून "ब्लोहोल", कुणी "बी. एच.", कुणी "भोक", तर एक निरीक्षक नुसतेच "हवा" लिहीत असे. बाहेरून आलेल्या विश्लेषकाने "हवा" हा वेगळा दोष धरला असता. मला तो निरीक्षक माहीत होता, त्याचे अक्षरही माहीत होते.

दुसरी अडचण अधिक चिवट होती. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत माल जास्त नाकारला जातो, असा शॉपवर सर्वांचा समज होता आणि मला तो तपासायचा होता. परंतु माझ्या कोष्टकात सुट्टीचा दिवस सापडेचना, कारण सुट्टीच्या तारखेलाही माल निघालेला दिसत होता. तीन दिवस सूत्रे तपासण्यात गेले. मग लक्षात आले की आमची रात्रपाळी अकराला सुरू होऊन सकाळी सातला संपते. काही निरीक्षक पाळी ज्या तारखेला सुरू झाली ती तारीख शेवटपर्यंत लिहीत, तर काही जण बारा वाजले की पुढची तारीख टाकत. त्यामुळे सुट्टीच्या आदल्या रात्रीच्या पाळीचा अर्धा माल सुट्टीच्या तारखेला जमा झाला होता. सुदैवाने नोंदीत वेळेचा रकाना होता. "पाळीची तारीख" असा नवा रकाना करून, रात्री बारानंतर तारीख बदलणाऱ्या निरीक्षकांच्या सकाळी सातच्या आधीच्या सर्व नोंदी मी आदल्या तारखेला ढकलल्या आणि सुट्टी जागेवर आली. नोंदींची गटवार बेरीज दाखवणारे साधे पिव्होट टेबल केले. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत ब्लो होलचे प्रमाण खरोखरच वर होते.

कारण मात्र आकड्यांनी सांगितले नाही. साच्यांची वाळू तयार होते त्या सँड प्लांटवर काम करणाऱ्या मामांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, सुट्टीनंतर वाळू कोरडी पडत्या, मग पानी जरा जास्तच सोडाय लागतंय." घाईत सोडलेले ते जादा पाणी वाळूत नीट मुरत नाही, तप्त लोखंड साच्यात पडले की त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कास्टिंगमध्ये पोकळी राहते. उपाय मशीन लर्निंगचा नव्हता : सुट्टीनंतर पहिला साचा भरण्यापूर्वी वाळूतील ओलावा मोजून लिहायचा, एवढेच ठरले. तरीही पुढे मुलाखतीत मला सर्वाधिक उपयोग याच प्रकल्पाचा झाला, कारण त्यातला प्रत्येक निर्णय मी का घेतला हे मला सांगता येत होते.

मॉडेल बांधताना फसवणारे आकडे

मॉडेलकडे वळल्यावर नवशिका "अचूकता" या आकड्यावर भाळतो. हे उदाहरण कागदावर करून पाहावे. एक हजार कास्टिंगपैकी चाळीस खराब आहेत असे धरा. "सगळेच चांगले" असे डोळे मिटून सांगणारे मॉडेल ९६ टक्के वेळा बरोबर ठरते, आणि एकही खराब नग पकडत नाही. आता दुसरे मॉडेल घ्या. ते साठ नगांवर बोट ठेवते, त्यांतील तीस खरोखर खराब निघतात, तीस उगाचच बाजूला काढले जातात आणि दहा खराब नग त्याच्या हातून निसटतात. चुका एकूण चाळीस, म्हणजे अचूकता पुन्हा ९६ टक्केच. कागदावर दोन्ही सारखी. पण दुसऱ्याने चाळीसपैकी तीस, म्हणजे ७५ टक्के खराब माल पकडला. याला रिकॉल म्हणतात, आणि बाजूला काढलेल्यांपैकी निम्मे खरे खराब होते, याला प्रिसिजन. निसटलेला एक नग ग्राहकाकडून परत आला तर किती खर्च येतो आणि चांगला नग पुन्हा तपासायला किती, हे ज्याला ठाऊक आहे तोच या दोन आकड्यांतील तडजोड ठरवू शकतो. अनुभवाचा फायदा म्हणतात तो हा.

दुसरा सापळा डेटा फुटण्याचा. एकाच हीटमधून, म्हणजे भट्टीच्या एकाच घाण्यातून ओतलेले नग एकमेकांसारखेच असतात. ते यदृच्छेने वाटून काही शिकवण्यासाठी आणि काही तपासण्यासाठी ठेवले तर मॉडेलला उत्तरपत्रिका आधीच दिल्यासारखे होते. आधीच्या महिन्यांवर शिकवावे आणि नंतरच्या महिन्यांवर तपासावे.

कंपनीची परवानगी मिळत नसेल तर

कोल्हापूरकराला सरावासाठी पंचगंगेसारखा विषय शोधून सापडणार नाही. जुलै उजाडला की राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली हे प्रत्येक घरात मोबाईलवर पाहिले जाते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे शाळकरी मुलेही सांगतात. पावसाळ्यातील रोजच्या पातळ्या आणि राधानगरी, गगनबावडा या बाजूच्या पावसाच्या प्रसिद्ध होणाऱ्या नोंदी जमवून उद्याची पातळी किती असेल याचा अंदाज बांधावा.

आरंभ सर्वांत साध्या अंदाजापासून करावा : उद्याची पातळी आजच्याइतकीच. तुमचे मॉडेल याहून सरस ठरत नसेल तर त्याचे नाव कितीही भारदस्त असले तरी ते टाकून द्यावे. मग आजचा पाऊस, कालचा पाऊस, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडे आहेत अशी एकेक माहिती घालत जावे आणि प्रत्येक वेळी चूक किती इंचांनी कमी झाली ते लिहावे. शेवटी एक प्रयोग जरूर करावा. २०१८ पर्यंतच्या नोंदींवर रँडम फॉरेस्ट शिकवून त्याला २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराचा अंदाज करायला सांगावे. तो साफ चुकतो. अनेक निर्णयवृक्षांच्या अंदाजांची सरासरी घेणारे हे मॉडेल शिकताना पाहिलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर कधीच जाऊ शकत नाही आणि तो पूर त्या आकड्याच्या वर होता. हा प्रयोग स्वतः करून त्याचे कारण सांगणारा उमेदवार मुलाखतीत वेगळा उठून दिसतो. (असा अंदाज शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र टाकू नये. मी टाकला होता.)

काम कोठे शोधावे

पुण्याच्या कंपन्यांची घरून करण्याची कामे मिळतात, परंतु त्यांसाठी स्पर्धा देशभराची असते. माझ्या मते पहिला शोध जिल्ह्यातच घ्यावा. साखर कारखान्यांकडे उसाची नोंद, तोडणीची तारीख आणि उतारा यांची वर्षानुवर्षांची माहिती असते; दूध संघांकडे रोजची फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅट सोडून उरलेले घनपदार्थ), सहकारी बँकांकडे कर्जाच्या परतफेडीच्या नोंदी, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे उत्पादनाच्या. यांपैकी अनेक ठिकाणी "डेटा सायंटिस्ट" असे पद नसते, त्यामुळे जाहिरातही नसते. तिथे अर्ज पाठवून उपयोग नाही; एखादा त्रासाचा प्रश्न हेरून, त्याचे छोटे उत्तर एका पानावर तयार करून संबंधित अधिकाऱ्याला भेटावे लागते. त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे आहे त्या कंपनीतच एमआयएस (व्यवस्थापनासाठी आकडेवारीचे अहवाल करणाऱ्या) किंवा नियोजन विभागात बदली मागणे. पगार तोच राहतो आणि नाव बदलते.

अर्जात एकोणीस वर्षांची पदे क्रमाने लिहिण्याऐवजी सोडवलेले प्रश्न वर आणावेत. प्रकल्पांचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवावा आणि प्रत्येकापुढे, प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही कळेल असे अर्धे पान लिहावे. इंग्रजी बोलण्याचा संकोच असेल तर एकच प्रकल्प तीन मिनिटांत सांगण्याचा सराव मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून, स्वतःला ऐकवेल तोवर करावा. व्याकरणापेक्षा क्रम महत्त्वाचा असतो. "या वयात का?" हे विचारले जाईल. त्यावर उत्साहाचे भाषण न देता, आधीच्या कामात कोणता निर्णय आकड्यांअभावी चुकत होता ते सांगावे. वरिष्ठ म्हणून पुतण्याच्या वयाचा माणूस मिळण्याची मनाची तयारी हवी. तो तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारील आणि कोल्हापुरातल्या "साहेब"ची सवय झालेल्या कानांना ते महिनाभर टोचेल.

नेमणुकीचे पत्र हाती आल्यानंतरच राजीनामा द्यावा, सूचनाकाळ पूर्ण करावा आणि जुन्या कंपनीशी संबंध राखून निघावे, कारण पुढचा संदर्भ आणि कदाचित पहिले ग्राहक तिथूनच येतात. मी निघताना नोंदवहीच्या आतल्या पानावर एक कागद डकवून आलो. त्यावर प्रत्येक दोषाचे एकच ठरलेले नाव आहे, आणि खाली लिहिले आहे की रात्रपाळीची तारीख पाळी संपेपर्यंत बदलायची नाही.